निळ्या झाकणाखालचं पाणी

१

चढावर आमच्या ट्रकला एका शेळीनं मागे टाकलं. शेळी घाईत नव्हती. मध्येच थांबून ती झुडपाचा पाला खात होती, मागे वळून ट्रककडे बघत होती, आणि तरीही पुढे गेली.

ट्रकमध्ये ट्रेडमिल भरलेले होते. माणसानं घाम येईपर्यंत चालावं आणि होता तिथेच राहावं, यासाठी लोक पैसे मोजून घरी आणतात ती यंत्रं. संगतीचा परिणाम म्हणा, ट्रकही तेच करायला लागला होता. इंजिन गुरगुरत होतं आणि चाकं विचार करत करत फिरत होती.

हे सगळं मला फोनवर कळलं, तेही ओढून काढावं लागलं.

"दिवा लागला," भाऊजी म्हणाले.

"कुठला?"

"युरियाचा."

"मग?"

"मग काय. शेळी पुढे गेली."

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा आणि आमच्या वाहतूक कंपनीतला ड्रायव्हर. कोणती गाडी कुठल्या वाटेला लावायची हे मी ऑफिसात बसून ठरवतो. म्हणजे घरी ते माझ्यापेक्षा मोठे आणि कामावर मी त्यांच्या वरचा. याबद्दल आम्ही दोघंही बोलणं टाळतो. त्यांना ते सोपं जातं, कारण ते सगळ्याच विषयांवर बोलणं टाळतात. ताईला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, आणि तो "पंखा वाढवू का?" असा होता. ताईनं त्याला आणि पुढच्या न विचारलेल्या प्रश्नालाही हो म्हणून टाकलं.

तर, युरियाचा दिवा. आमच्या ट्रकना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. तिच्यात डीईएफ नावाचं औषध भरतात. युरिया आणि अगदी शुद्ध पाणी, ठरलेल्या प्रमाणात. ते इंजिनात जात नाही, धुराच्या नळीत फवारलं जातं आणि धुरातलं विष मारतं. ड्रायव्हर लोक त्याला सरळ युरियाच म्हणतात. हे औषध संपलं किंवा पातळ झालं की गाडीतला संगणक आधी दिवा लावतो, मग कुरकुर करतो, आणि तरीही कोणी विचारलं नाही तर इंजिनाचा जोर काढून घेतो. रुसलेल्या जावयासारखा. घरात असतो, पण काही कामाचा नसतो.

गाडी दोर लावून ओढत आवारात आणली तेव्हा धाकटे मालक दारातच उभे होते. आमच्याकडे मालक दोन. थोरले मालक, ज्यांनी एका जुन्या ट्रकवर हा धंदा उभा केला आणि आता हौसेनं स्टोअर सांभाळतात. आणि त्यांचा मुलगा, धाकटे मालक, जे धंदा सांभाळतात आणि थोरल्यांना सांभाळून घेतात.

"तिसरी गाडी," धाकटे मला म्हणाले. "तिन्ही वेगवेगळ्या. तिन्ही वेळा स्टेअरिंगवर कोण होतं?"

"भाऊजी."

"तुझे भाऊजी," त्यांनी दुरुस्ती केली. "वाटेत औषध काढून विकायचं आणि टाकीत नळाचं पाणी ओतायचं. ही कला काही आजची नाही. उद्या गाडीच्या कंपनीतून बाई येतायत तपासायला. पाणी निघालं तर हा घरी. आणि मी गप्प बसणार नाही. ओळखीतल्या सगळ्या मालकांना सांगणार, याच्या हातात गाडी देऊ नका म्हणून."

"साहेब, ते तसे नाहीत."

"त्याला इथे कामाला आणलं कोणी?"

त्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासमोरच उभं होतं आणि त्याला बसायला कोणी सांगत नव्हतं.

२

बाई आल्या त्या स्कूटरवरून. आल्या आल्या त्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये एक वायर खुपसली, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली. ड्रायव्हर त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. त्याचं कारण असं की त्या आधी सगळं ऐकून घेतात, मग "हं" म्हणतात, आणि तेवढ्यानंच माणूस घाबरतो.

"हं," त्या म्हणाल्या.

पिशवीतून त्यांनी एक नळी काढली. दुर्बिणीचं पिल्लू म्हणावं अशी. नळीच्या टोकाशी तिरकी काच होती. निळ्या टाकीतला एक थेंब काचेवर ठेवून त्यांनी नळी उजेडाकडे धरली आणि आतल्या आकड्यांवर रेघ कुठे पडते ते पाहिलं.

"युरिया शंभरात बत्तीसच्या आसपास पाहिजे. इथे चोवीस आहे. पाणी घातलंय."

"ऐका," धाकटे मालक सगळ्या आवाराला म्हणाले.

"थांबा. हे भरता कुठून?"

सगळी वरात स्टोअरकडे निघाली. औषध भरण्याचं काम थोरल्या मालकांचं. ड्रायव्हर गाडी लावून, चावी अडकवून घरी जातो. सकाळी येतो तेव्हा टाकी भरलेली असते, घरी आईनं डबा भरून ठेवावा तशी. पूर्वी औषध सीलबंद डब्यांतून यायचं. या वर्षीपासून धाकट्यांनी स्वस्त पडतं म्हणून मोठी पिंपं मागवायला सुरुवात केली आणि थोरल्यांनी त्यावर हातपंप बसवून घेतला.

स्टोअरमध्ये गेलं की पहिल्यांदा दिसतं ते पांढरं मीठ. हे औषध जिथे सांडतं तिथे वाळून खडे धरतं. पंपाच्या तोंडाला मीठ, नरसाळ्याला मीठ, फरशीवर मीठ, थोरल्यांच्या चपलेला मीठ. बाकी सगळं मात्र टापटीप. वापरलेले खिळे ठोकून सरळ केलेले, सुतळीच्या तुकड्यांना गाठी मारून केलेला नारळाएवढा गुंडा, आणि मागच्या दाराशी रिकाम्या पिंपांची रांग, आत डोकावलं तर स्वतःचं तोंड दिसावं अशी. आसपासचे लोक पाणी साठवायला ती मागून नेतात. थोरल्यांच्या पिंपांना नाव आहे.

डॉक्टरीणबाईंनी चालू पिंपातला थेंब घेतला.

"बत्तीस. एकदम शुद्ध."

म्हणजे पिंपात औषध आणि ट्रकमध्ये पाणी. मधे होतं कोण? सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनीही मागे वळून पाहिलं, आपल्या मागे कोणी उभं आहे का ते.

"झालं तर," धाकटे म्हणाले. "लिहून द्या, बाई."

"देते की. आधी चहा मिळेल का?"

थोरल्यांना हे विचारणं म्हणजे फार मोठा मान. त्यांनी स्टोअरच्या कोपऱ्यात चहा केला, सगळ्यांना दिला, आणि स्वतःचा कप संपल्यावर त्यात थोडं पाणी घालून, गोल फिरवून, तेही पिऊन टाकलं.

"तळाशी साखर असते," ते बाईंना म्हणाले. "सोडायची कशाला?"

"खरंय," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "ज्याच्या गाडीचा दिवा कधीच लागत नाही, असा कोणी ड्रायव्हर आहे का तुमच्याकडे?"

३

होता. त्याचं नाव तुफान. खरं नाव काहीतरी वेगळं असणार, पण तो शहरातल्या शहरात माल पोचवतो, दर दोनशे पावलांवर सिग्नलला थांबतो आणि तरीही दुपारपर्यंत परत येऊन आवारात झोपलेला असतो, म्हणून तुफान.

बाईंनी त्याला उठवलं.

"माझी गाडी बघा की," तुफान डोळे चोळत म्हणाला. "एक दिवा नाही. गाडी कशी ठेवावी हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं." हे तो भाऊजींना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला. भाऊजी पाच पावलांवर टायरला टेकून उभे होते.

"औषधाला कोण हात लावतं?"

"कोण लावणार? थोरले भरतात. आम्ही बघत पण नाही." बोलता बोलता तुफानची नजर त्याच्या बॅगेवर गेली आणि लगेच परत आली. नजरेला काही इतकं फिरायचं कारण नव्हतं.

"बॅगेत काय आहे?"

"डबा आहे जेवणाचा."

"आणि?"

तुफाननं मोठा श्वास घेतला. जेवणाच्या डब्याशेजारून त्यानं एक प्लास्टिकची बाटली काढली. आत पाण्यासारखं काहीतरी होतं, आणि बुचाभोवती पांढरं मीठ जमलं होतं.

"अरे," मी म्हणालो. एवढंच सुचलं.

"चोर सापडला," माझ्यामागून धाकटे मालक म्हणाले. ते कधी आले कळलंच नव्हतं. "म्हणजे दोघं मिळून आहेत तर."

४

"गुलाबासाठी नेतो," तुफान म्हणाला.

धाकट्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग तुफानकडे.

"खिडकीत गुलाब आहे आमच्या. बायकोचा. युरिया म्हणजे खतच ना? म्हटलं थोडं घालावं. अधूनमधून एखादी बाटली, पिंपातून. गाडीतून नाही, शप्पथ."

"मग? आला का गुलाब?" बाईंनी विचारलं.

"वारला," तुफान मान खाली घालून म्हणाला. "करपला पार. बायकोला अजून कळलेलं नाही कशानं ते. ती शेजारणीच्या नजरेवर गेलीये. दोघींचं बोलणं बंद आहे."

"मग ही बाटली कशाला?"

"शेजारणीच्या गुलाबाला घालणार होतो. दोन्ही करपले की नजरेचा विषय मिटेल."

डॉक्टरीणबाईंनी ही विचारसरणी शांतपणे ऐकून घेतली आणि बाटलीतला थेंब तपासला. बत्तीस. "हा पिंपातून औषध काढतो," त्या धाकट्यांना म्हणाल्या. "त्यानं पिंप लवकर संपेल. पण ट्रकमध्ये पाणी येणार नाही. आपल्याला औषध नेणारा नकोय, पाणी आणणारा पाहिजे." मग त्या उठल्या, तुफानच्या ट्रकचं निळं झाकण उघडलं आणि नळी उजेडाकडे धरली.

या वेळी त्यांनी "हं" केलं नाही. त्यांनी काच पुसून पुन्हा थेंब घेतला.

"अठरा," त्या म्हणाल्या. "ओढून आणलेल्या गाडीपेक्षाही वाईट."

"पण दिवा तर नाही," तुफान म्हणाला.

"या गाडीवर कोण कोण असतं?"

"मी एकटाच," तुफान म्हणाला, आणि म्हणता म्हणता आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

पण माझ्या लक्षात आलं ते वेगळंच होतं. भाऊजी त्या गाडीत आयुष्यात एकदाही बसले नव्हते.

५

"तुमचे भाऊजी कुठल्या वाटेनं जातात?" बाईंनी मला ऑफिसात बसवून विचारलं.

"लांबच्या. चढावरच्या."

"नेहमी?"

"नेहमी. मीच पाठवतो. डोकं थंड आहे त्यांचं. चढावर तसाच माणूस लागतो. गाडी कुठलीही असो, चढ म्हटला की भाऊजी."

"बाकीचे?"

"शहरात. जवळपास. चालू, बंद, चालू, बंद."

बाईंनी पेपरमिंट एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "तुमच्या या गाड्यांना टाकीतलं औषध चाखता येत नाही. तशी सोयच नाही त्यांच्यात. त्या धुराचा वास घेतात. धूर नीट साफ होतोय ना, यावरून औषध खरं की खोटं ते ठरवतात. पण ही परीक्षा केव्हा होते? सायलेन्सर चांगला तापला, पाठीवर ओझं आहे आणि गाडी न थांबता एका लयीत बराच वेळ चढतेय, तेव्हा. सिग्नल ते सिग्नल फिरणाऱ्या गाडीची परीक्षा होतच नाही."

"म्हणजे तुफान पास नाहीये."

"तो परीक्षेला बसलेलाच नाही. तुमचे भाऊजी दर वेळी बसतात, तेही दुसऱ्यानं भरलेल्या टाकीवर. पाणी कुणीतरी घालतं, आठवडाभर गाडी शहरात गुमान फिरते, मग तुम्ही ती भाऊजींना देता, ते चढाला लागतात आणि नापास होतात."

मला हे इतकं पटलं की मी तसाच उठून धाकट्या मालकांकडे गेलो आणि सगळं एका दमात सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. "बरं," ते म्हणाले. "यानं नाही घातलं. मग कुणी घातलं?"

"ते अजून..."

"चार गाड्यांत पाणी आहे. ते काही पाऊस पडून गेलेलं नाही. मला नाव सांग. नाव नसेल तर लोक काय म्हणतील? मेहुण्यानं मेहुण्याला वाचवलं. आणि खरं सांगायचं तर दोन-चार जणांना मी काल रात्रीच फोन केलाय."

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेलो. ताईला फोनचं आधीच कळलं होतं. भाऊजींनी सकाळी दुसऱ्या एका मालकाकडे चौकशी केली होती, आणि ज्या मालकानं गेल्या वर्षी त्यांना चहा पाजून आपल्याकडे बोलावलं होतं, तो म्हणाला होता, "विचार करून कळवतो."

"विचार करून कळवतो म्हणजे काय ते मला कळतं," ताई म्हणाली. ती घड्या घातलेल्या कपड्यांच्या पुन्हा घड्या घालत होती. "तू त्यांना रोज बघतोस. तू सांग, असं करतील ते?"

"ताई, ते माणसाशी बोलत नाहीत. टाकीतल्या औषधाचा सौदा कसा करतील? सौद्याला बोलावं लागतं."

ती हसली नाही. "थट्टा नको. चाक काढून घेतलं तर हा माणूस घरी बसून काय करेल? बोलून मन हलकं करणाऱ्यांतले नाहीत ते."

आतून भाऊजींनी हाक मारली. केस धुवायला बसले होते आणि शाम्पू संपला होता. ताईनं दारातूनच सांगितलं, "बाटलीत पाणी घालून हलवा. निघेल अजून." मग आतून बाटली हलवल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्या बाटलीत शाम्पूची आता फक्त आठवण उरली असणार.

मी घरी जाऊन आडवा झालो आणि ताडकन उठून बसलो. डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, शाम्पू," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. "मला चहाच्या वेळीच शंका आली होती. सकाळी या. आणि कुणाला काही बोलू नका."

६

सकाळी चालू पिंप तळाला आलं होतं. पंप दाबला की नुसता घसा खाकरल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरीणबाई, धाकटे मालक, तुफान, भाऊजी आणि मी स्टोअरच्या दारात उभे होतो. थोरल्यांना इतकी मंडळी बघून आनंद झाला.

"थोरले मालक," बाई म्हणाल्या, "या स्टोअरमध्ये सगळीकडे पांढरं मीठ आहे. पंपाला आहे, नरसाळ्याला आहे, तुमच्या चपलेला आहे. मग या रिकाम्या पिंपांत का नाही? त्यांच्यात तर ते सगळ्यात जास्त हवं."

"राहील कसं?" थोरले म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षेत नेमका पाठ केलेला प्रश्न आला म्हणून खूश झालेल्या पोराचं हसू होतं. "मी खंगाळतो ना. दाखवू?"

"दाखवा."

"पंपाची नळी तळापर्यंत पोचत नाही. बरंच औषध खाली राहतं, कडेला चिकटतं ते वेगळं. ही आजकालची पोरं तसंच फेकून देतील." त्यांनी नळाखालून बादली भरून आणली, पिंपात ओतली, पिंप आडवं केलं आणि या वयातही ते झोकात इकडून तिकडे लोळवलं. आत पाणी खळखळलं. मग त्यांनी पिंप उचलून सगळं एका स्वच्छ डब्यात ओतून घेतलं. एक थेंब सांडला नाही.

"आता हे?" बाईंनी विचारलं.

"आता हे समोर जी गाडी असेल तिच्या टाकीत. औषधच आहे ते. दुधाचं भांडं खंगाळून आपण मोरीत ओततो का? चहात घालतो."

मी धाकट्यांकडे पाहिलं नाही. बघायची गरज नव्हती. माझ्या शेजारी माणूस श्वास घ्यायचं विसरलाय हे बघितल्याशिवायही कळतं.

बाईंनी नळी थोरल्यांच्या हातात दिली. "तुम्हीच बघा. रेघ कुठे आहे?"

थोरल्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नळी उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली.

"सोळा," ते म्हणाले. "आणि पाहिजे किती?"

"बत्तीस."

"निम्मं."

"हो. जे उरलं होतं तेवढंच पाणी तुम्ही घातलं. आणि नळाचं पाणी याला चालतच नाही. दूध पातळ झालं तर चहा पातळ होतो, बाकी काही नाही. हे पातळ झालं की गाडी चढावर बसते. पिंप सुरू असताना भरलेल्या गाड्या ठीक असतात. पिंप संपताना जी समोर उभी असते तिच्या वाट्याला हे येतं. सीलबंद डबे होते तेव्हा खंगाळायला काही नव्हतं, म्हणून दिवेही नव्हते. शहरातली गाडी बहुतेक वेळा आवारातच असते, तिनं हे सगळ्यात जास्त खाल्लं. पण बोंब मारली ती चढावर गेलेल्या गाड्यांनी."

थोरल्यांनी नळी खाली ठेवली. मग उचलून काच पुसली आणि पुन्हा ठेवली.

"म्हणजे गाडी मी अडवली," ते म्हणाले.

"हो."

"आणि नाव याचं झालं."

भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या, मालक. मुद्दाम नाही केलंत." आमच्या कंपनीच्या इतिहासातलं त्यांचं हे सगळ्यात लांब भाषण होतं.

"बाबा, तुम्ही बसा," धाकटे म्हणाले. "मी करतो सगळ्यांना फोन. गैरसमज झाला होता म्हणून सांगतो."

"गैरसमज नाही. चूक," थोरले म्हणाले. "आणि तू एकदा फोन केलेस तेवढे पुरे. दे इकडे."

त्यांना फोन कानाशी धरायचा असतो हे मान्य नाही. ते तो तोंडासमोर आरशासारखा धरतात आणि पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं बोलतात, त्यामुळे आम्हाला सगळंच ऐकावं लागलं.

"मी थोरला बोलतोय. याचा बाप. परवा रात्री आमच्या पोरानं तुम्हाला एका ड्रायव्हरबद्दल काही सांगितलं ना, ते खोटं आहे. पाणी मी घातलं. हो, मी. माझ्याच गाड्यांत. नाही, प्यायलेलो नाही. खंगाळून घातलं. तुम्ही काय हसताय, तुमच्याकडे पण कोण खंगाळतं ते आधी बघा. माणूस सोन्यासारखा आहे. आणि मागायला आलात तर देणार नाही."

असे चार फोन झाले. प्रत्येक वेळी त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, कुठेही कमी न करता. तिसऱ्या फोनला धाकटे बाहेर जाऊन उभे राहिले. चौथ्या फोनवरचा मालक म्हणे त्यांच्याच वयाचा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "मग तळाला उरतं त्याचं करायचं तरी काय?" थोरल्यांनी बाईंकडे पाहिलं.

"पिंप तिरकं करून नळी तळाला लावायची," बाई म्हणाल्या. "पाणी न घालता. आणि पिंप धुवायचंच असेल तर धुवून ते पाणी टाकून द्यायचं."

"टाकून द्यायचं," थोरल्यांनी फोनमध्ये सांगितलं. हे बोलताना त्यांना जे झालं ते मी आधी फक्त दात काढून घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

७

टाकी रिकामी केली, धुतली, चांगलं औषध भरलं. तरी दिवा जाईना.

"तो आपल्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही," डॉक्टरीणबाई स्कूटरला किक मारत म्हणाल्या. "त्याला पुन्हा परीक्षा घ्यायची आहे. मी जोर परत दिलाय गाडीला, पण दिवा जाईल तो चढावरच. न थांबता." मग त्या तुफानकडे वळल्या. "आणि तुम्ही शेजारणीच्या गुलाबाला हात लावू नका. बायकोला खरं काय ते सांगा."

"त्यापेक्षा चढावर जातो मी," तुफान म्हणाला.

ट्रेडमिल अजून गाडीतच होते. भाऊजी केबिनमध्ये चढले. पाठोपाठ दुसऱ्या दारानं थोरले मालक चढायला लागले. पायरीवर पाय ठेवून ते जरा थांबले, दम घेतला आणि मग वर आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. धाकट्यांनी मला खुणेनं सांगितलं, जा सोबत. मी मागच्या झोपायच्या फळीवर जाऊन बसलो.

आवार मागे पडलं, शहर संपलं, पेट्रोलपंपही मागे पडला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटलेला होता आणि थोरले त्याच्याकडे बघत होते. पूर्वी ते हीच वाट रोज चालवायचे. प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय आपोआप थोडा दाबला जायचा, जणू तिथे ब्रेक आहे.

चढ सुरू झाला. भाऊजींनी गिअर बदलला आणि एका लयीत गाडी वर न्यायला लागले. मी त्यांना इतकी वर्षं या वाटेला लावतोय, पण शेजारी बसून कधी बघितलं नव्हतं. ते गाडीला हाकत नव्हते. ती जेवढं देईल तेवढंच मागत होते.

एक वळण गेलं, दुसरं गेलं. इंजिनाचा आवाज भरला. थोरल्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते.

मग दिवा गेला. काही वाजलं नाही, झिणझिणलं नाही. तिथे दिवा होता आणि मग नव्हता.

"गेला?" थोरल्यांनी विचारलं. त्यांना दिसलं होतं, तरी विचारलं.

"गेला," भाऊजी म्हणाले.

थोरल्यांनी गुडघ्यांवरचे हात काढले. मग समोर बघतच म्हणाले, "चार माणसांना मी फोन केले. तुला अजून काही बोललो नाही. मला बोलता येत नाही. तूच बोल. शिव्या घाल हव्या तर. मी ऐकून घेतो."

भाऊजींनी आरशात बघितलं, मागून येणाऱ्या एका छोट्या गाडीला हातानं वाट दिली.

"आत्ता चढ आहे," ते म्हणाले. "उतार लागला की बघू."

"बरं," थोरले म्हणाले.

माथ्यावर वारा होता. गाडीनं चढ सोडला, आवाज हलका झाला आणि खाली दूरवर दुसऱ्या शहराची घरं दिसायला लागली. थोरल्यांनी चष्मा नीट केला, सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि सीटवर ताठ बसले. भाऊजींनी गिअर खाली घेतला आणि दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून ते सावकाश उतरायला लागले, काही न बोलता. अर्धा उतार झाला. भाऊजी बोलले नाहीत. पाऊण झाला. थोरले तसेच ताठ, वाट बघत. भाऊजींच्या शिव्या कधीच येणार नाहीत, हे त्यांना सोडून गाडीतल्या सगळ्यांना कळलं होतं.